साहेब चालेल म्हणाले

गाडी मी ब्रेक कुरकुरतात म्हणून टाकली होती. ब्रेक, फक्त ब्रेक. गॅरेजवाल्याला एकदा सांगितलं, पावती घेताना परत सांगितलं, आणि दारातून मागे वळून आणखी एकदा सांगितलं. प्रत्येक वेळी त्याने छातीवर हात ठेवून "काळजीच सोडा, ताई" म्हटलं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

आठवड्याच्या शेवटी गाडी आणायला गेले तर हातात बिल. बिल कसलं, लांबलचक पट्टाच. ब्रेक होतेच. त्याखाली नवे शॉकअप, नवी बॅटरी, इंजिनाचा नवा पट्टा, नवी सीट कव्हरं आणि सगळ्यात शेवटी हॉर्न. हॉर्नसुद्धा! माझा हॉर्न चांगला होता. घसा बसल्यासारखा वाजायचा, पण वाजायचा.

"हे काय आहे?"

"गाडी नवी कोरी करून दिली, ताई. चालवून तर बघा, लोण्यासारखी जाते."

"मी सांगितलं होतं तुम्हाला हे करायला?"

"तुम्ही नाही, साहेबांनी सांगितलं."

"कोण साहेब?"

"तुमच्या घरचे साहेब. फोन करून एकेक गोष्ट विचारली, साहेबांनी होकार दिला, मग हात लावला. विचारल्याशिवाय आम्ही साधा स्क्रू फिरवत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात साहेब कुणी नाही. मी आहे आणि बाबा आहेत. साहेबी थाटाचा एकच माणूस आमच्या कुटुंबात, तो म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि तो दुसऱ्या शहरात राहून तिथून आम्हाला सल्ले देतो.

या गॅरेजवाल्याचं नाव मला माहीत आहे, पण मनातल्या मनात मी त्याला गोडबोल्या म्हणते. बोलणं इतकं गोड की समोरच्याला भांडायचं सुचू नये. पण मला सुचतं. मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. "आम्ही विचारलं होतं", "तुमच्याच घरून सांगितलं", "सिस्टिममध्ये तसंच दिसतंय" ही सगळी वाक्यं मी स्वतः पगार घेऊन लोकांना ऐकवते. तीच माझ्यावर कुणी चालवायला लागलं की मला जास्तच राग येतो.

"ब्रेकचे पैसे घ्या आणि किल्ली द्या," मी म्हणाले.

"बिल पूर्ण झाल्याशिवाय गाडी कशी सोडू, ताई? पार्ट मी रोखीने आणलेत."

"ते मला का सांगता? ज्या साहेबाने सांगितलं त्याच्याकडून घ्या."

"साहेब काय आणि तुम्ही काय, घर तर एकच ना?"

अशी तासभर आमची जुंपली. मी आवाज चढवला की तो आवाज उतरवायचा, त्यामुळे आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना मीच कजाग दिसायचे. शेवटी त्याने एक पोतं ओढून आणलं आणि माझ्या गाडीचे जुने पार्ट जमिनीवर मांडले. "आम्ही फसवाफसवी करत नाही, ताई. काढलेलं सगळं इथे आहे, तपासून घ्या." मला त्यातलं काय कळणार? काळं, तेलकट लोखंड होतं ते. मी पाय आपटत घरी आले.

पायच आपटू शकत होते, कारण गाडी तिकडे अडकली होती. आणि मला गाडी हौसेसाठी नको होती. ती बाबांसाठी हवी होती.

बाबा एका कारखान्यात तपासनीस होते. यंत्रांचे सुटे भाग तयार झाले की त्यांच्या टेबलावर यायचे. बाबा माप लावायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे आणि दोनपैकी एक बोलायचे. "चालेल" किंवा "नाही चालणार". नाही चालणार म्हटलेला भाग ते टेबलाच्या डाव्या कडेला सरकवायचे, मग वरचे अधिकारी येऊन कितीही नाचू देत, तो परत उजवीकडे यायचा नाही. घरीही तेच. माझ्या बहुतेक मैत्रिणी चालेल होत्या, भावाचे बहुतेक मित्र नाही चालणार.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सगळे शब्द गेले, एक राहिला. "चालेल". "नाही चालणार"सुद्धा गेलं. चहा देऊ? चालेल. खिडकी लावू? चालेल. बाबा, मी कोण? चालेल. डॉक्टर म्हणाले, "रोजचा व्यायाम सोडू नका. वेळ लागेल, पण चालतील ते." त्यावर बाबा ताबडतोब "चालेल" म्हणाले आणि डॉक्टरांसकट आम्ही सगळे खो खो हसलो. बाबाही हसले.

सुरुवातीला लोक यायचे, बोलायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की उत्तर एकच येतं, आणि त्यांनी बाबांशी बोलणं सोडून दिलं. बाबांच्या समोर बसून मला विचारायचे, "जेवतात का? ओळखतात का?" मी म्हणायचे, "समोर आहेत, त्यांना विचारा." माझ्या घरात हा नियमच आहे. भाजी कुठली आणायची ते बाबांना विचारायचं, टीव्ही बंद करायचा तर बाबांना विचारायचं. एका चुलतभावाने "त्यांना काय कळतंय" म्हटलं तेव्हा त्याच्या हातातला चहा अर्धा होता. तो अर्धाच राहिला, मी त्याला दार दाखवलं. कारण बाबांना कळतं. त्यांच्या चालेलचे दहा प्रकार आहेत. मनापासून होकाराचं चालेल आखूड असतं. नकाराचं लांबतं आणि शेवटी खाली येतं. "तू फार बडबडतेस" असंही एक चालेल आहे, ते मला दिवसातून बऱ्याचदा मिळतं.

व्यायाम एका केंद्रात असतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाबा बसमध्ये चढू शकत नाहीत, म्हणून गाडी. आणि वर्षभराच्या व्यायामाची फी मी जमवून बाजूला ठेवली होती. गोडबोल्याचं बिल भरलं असतं तर ती सगळी जाणार होती. इतकं साधं होतं ते. एक तर शॉकअप, नाहीतर बाबांचे पाय.

घरी येऊन मी दादाला फोन लावला. "गॅरेजवाल्याला तू होकार दिलास?"

"कुठला गॅरेजवाला? गाडी दुरुस्तीला दिलीये हेच मला माहीत नाही. तू मला सांगतेस कुठे काही!"

"मग कुणी दिला?"

"मला काय विचारतेस? आणि विकून टाक ते डबडं. कशाला हवं? बाबांना तरी आता काय कळतंय की—"

मी फोन ठेवला. भावाला दार दाखवता येत नाही, तो आधीच दाराबाहेर आहे.

दुसऱ्या दिवशी बाबांची व्यायामाची वेळ होती. शेजारच्या काकू, ज्या एरवी त्यांच्याजवळ बसतात, त्यांची दाढ ठणकत होती. बाबांना घरी एकटं ठेवून गाडी आणायला जाता येईना, म्हणून भाड्याची गाडी केली, बाबांना बसवलं आणि ठरवलं, आधी गॅरेज, मग व्यायाम. आज गाडी घेऊनच जायची. काल रात्रभर उत्तरं पाठ केली होती. ग्राहक मंचाचं नाव घ्यायचं, लेखी परवानगी मागायची, आवाज चढवायचा नाही. हे सगळे डाव लोक माझ्यावर टाकतात, म्हणून मला ठाऊक.

गोडबोल्याने मला पाहून चेहरा पाडला. मग त्याची नजर बाबांवर गेली. मी त्यांना दंडाला धरून उतरवत होते. तो पुढे धावला, दुसरा दंड धरला, स्वतःची खुर्ची आणली, फडक्याने पुसली.

"बसा, बसा. वडील का?" मला म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता बाबांकडे वळला. "प्रवासात त्रास नाही ना झाला, साहेब? पंखा इकडे वळवू?"

"चालेल," बाबा म्हणाले.

गोडबोल्या जागच्या जागी थांबला. मग त्याचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका.

"अरे! साहेब, तुम्हीच ना ते? आवाज ओळखला मी. ताई, हेच की आपले साहेब! मी यांच्याशीच बोललो!"

मला आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू उलगडा झाला. गाडी बाबांच्या नावावर आहे. गॅरेजच्या कॉम्प्युटरमध्ये गाडीचा नंबर टाकला की बाबांचा जुना मोबाइल नंबर येतो. तो मोबाइल मी चालू ठेवला आहे. त्यावर कुणी फोन करत नाही, पण बाबांना तो उशाशी लागतो, म्हणून मी तो रोज चार्ज करते. मी खिडकीवर लोकांच्या तक्रारी ऐकत होते, काकू स्वयंपाकघरात असतील, आणि फोन वाजला. बाबांनी डाव्या हाताने उचलला.

"ताई, तुमचा विश्वास बसत नव्हता ना? ऐका." त्याने मोबाइल काढला. "आमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात. हल्ली लोक शब्द फिरवतात."

आणि त्या तेलाच्या वासाच्या शेडमध्ये बाबांचा आवाज घुमायला लागला.

"साहेब, शॉकअप गळतायत, खड्ड्यात गाडी आपटणार. बदलून टाकू?" "चालेल." "बॅटरीही शेवटच्या घटका मोजतेय." "चालेल, चालेल." "पट्टा?" "चालेल." "सीट कव्हरं फाटलीत. काळी टाकू की तपकिरी?" "चालेल." "हॉर्नचा आवाज ऐकलाय का, साहेब? बकरी बरी!" आणि इथे बाबा हसले. खळखळून हसले, आणि हसता हसता म्हणाले, "चालेल!"

एवढ्यावर फोन संपला नव्हता. गोडबोल्या पुढे बोलतच होता. मुलगी परगावी शिकायला गेलीय, घर खायला उठतं, बायको दोघांचा स्वयंपाक करताना तिसऱ्याचा अंदाज धरते. बाबा मधूनमधून चालेल म्हणत होते. ते चालेल मी कधी ऐकलं नव्हतं. मऊ होतं, समजूत घालणारं होतं. माझ्यासाठी त्यांनी ते कधी वापरलं नव्हतं, कारण मी त्यांना माझं दुःख सांगतच नाही. मी त्यांना भाजी विचारते.

"मी बायकोला म्हटलं," गोडबोल्या सांगत होता, "काय दिलदार माणूस आहे! एका शब्दानं अडवलं नाही. हल्ली असं ऐकून घेतं कोण?"

बाबा ताठ बसले होते. झटका आल्यापासून इतके ताठ बसलेले मी त्यांना पाहिलं नव्हतं.

मी गोडबोल्याला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे काय, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत. "हे बघा," मी हळू म्हणाले, "त्यांचं तसं नाहीये. त्यांचा होकार धरू नका."

"का? गाडी त्यांच्याच नावावर आहे ना?"

"हो, पण ते आजारी आहेत."

"आजारपण दिसतंच आहे. पण बोलणं खणखणीत होतं की!"

"ते फक्त तेवढंच बोलतात."

"कमी बोलणारी माणसं मला आवडतात, ताई."

आता या माणसाचं काय करावं! मी जितकी आडून बोलायला जायचे तितका तो सरळ चालत यायचा. खरंच कळत नव्हतं की वेड पांघरत होता, देव जाणे. मी म्हणाले, काळी की तपकिरी विचारल्यावर चालेल कोण म्हणतं? तो म्हणाला, ज्याला दोन्ही चालतात तो. मी लेखी परवानगी मागितली, त्याने रेकॉर्डिंग काढलं. मी ग्राहक मंच काढला, तो म्हणाला चला, तिथेही हेच ऐकवतो. पाठ केलेली सगळी उत्तरं संपली.

मागे वळून पाहिलं तर बाबांचा डावा हात जमिनीजवळ गेला होता. खुर्चीशेजारी ते पोतं तसंच उघडं होतं. त्यांनी माझ्या गाडीचा जुना शॉकअप जेमतेम उभा केला होता आणि दांड्यावरून अंगठा फिरवत होते. अंगठा तेलाने काळा झाला. तो त्यांनी उजेडात धरून पाहिला. मग शॉकअप हळूच डावीकडे लोटून दिला.

मी ते पाहिलं. खोटं कशाला बोलू, नीट पाहिलं. आणि त्याच वेळी मला घड्याळही दिसत होतं, केंद्रातल्या व्यायामाच्या बाई दिसत होत्या, बाजूला ठेवलेले पैसे दिसत होते. एक वर्ष. डॉक्टर म्हणाले होते चालतील.

गोडबोल्या माझ्या मागून आला. आता त्याचाही धीर सुटला होता. "ताई, एकदाच काय ते स्पष्ट सांगा. साहेबांच्या शब्दाला अर्थ आहे की नाही? नाही म्हणा, मी बिल फाडतो, ब्रेकचे तेवढे घेतो. पण तसं तुम्ही म्हणायला पाहिजे. मी आपल्या मनाने एवढ्या मोठ्या माणसाला तसं म्हणणार नाही."

शेडमधले सगळे आमच्याकडे बघत होते. बाबाही. मला इतका राग आला होता! गोडबोल्याचा, दादाचा, काकूंच्या दाढेचा, त्या मेल्या मोबाइलचा, आणि कशालाही चालेल म्हणणाऱ्या माझ्या बाबांचा. हो, त्यांचाही आला. आणि मी खिडकीवरचा आवाज लावला, जो मी रोज लावते, ज्याच्यात काहीच नसतं.

"नाही," मी म्हणाले. "त्यांच्या बोलण्याला अर्थ नसतो. त्यांना काही कळत नाही."

गोडबोल्याने बिल फाडलं. शब्दाला पक्का निघाला. कान पकडले, म्हणाला, "माफ करा, ताई, मला काय कल्पना. मी आपला वेड्यासारखा बोलत बसलो." त्याच्या तोंडावर खरोखरच शरम होती. फोनवर सांगितलेलं सगळं आठवत असावं त्याला, मुलीचं आणि बायकोचं.

"जुने पार्ट परत बसवून देतो. पट्टा राहू दे, तो कोण परत उतरवणार. बाकीचं काढतो. थोडं थांबावं लागेल."

आम्ही थांबलो. नवे शॉकअप निघाले, गळके चढले. नवी बॅटरी निघाली, मरायला टेकलेली बसली. फाटक्या कव्हरांवरची धूळसुद्धा तशीच होती. गॅरेजमधल्या एका पोराने बाबांसमोरून, त्यांनी डावीकडे लोटलेला तो तुकडा उचलून गाडीखाली नेला, आणि तो नेताना बाबांच्या पायाला धक्का लागला तर त्याने मला म्हटलं, "सॉरी."

मी भांडण जिंकले होते. एरवी असं जिंकल्यावर मी दोन दिवस ते सगळ्यांना सांगत फिरते.

पंखा दुसरीकडे फिरला होता. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. गोडबोल्या पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि बाबांच्या खुर्चीपाशी उभा राहून माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, यांना पाणी द्यायचं का?"

"त्यांना विचारा ना!" मी केवढ्यानं तरी ओरडले.

तो दचकला. मग वाकला, बाबांच्या कानाशी तोंड नेलं, आणि बहिऱ्याशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाला, "आजोबा! पाणी! पाणी पाहिजे का?"

बाबांनी ग्लासाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांचे ओठ हलले, तो शब्द तोंडापर्यंत आलाही असेल. पण तो बाहेर आला नाही. त्यांनी ओठ मिटले आणि माझ्याकडे बघायला लागले. रागाने नाही. वाट बघत होते. यापुढे उत्तर मी द्यायचं आहे, हे त्यांना कळलं होतं.

गोडबोल्या ग्लास धरून तसाच वाकलेला होता.

"द्या थोडं," मी म्हणाले.